डिकीवाली गाडी घ्यावी का?

दोस्तांनो, तुमच्या घरात कधी गाडी घ्यायची चर्चा झाली आहे का? झाली असेल, तर तुम्हाला ठाऊकच असेल की त्या चर्चेत सगळ्यांना बोलायला मिळतं, फक्त मुलांना सोडून! "तुला काय कळतंय त्यातलं? जा, अभ्यास कर," असं म्हणून तुमची बोळवण होते. आणि गंमत बघा, मागच्या सीटवर सगळ्यात जास्त वेळ बसणार कोण? तुम्हीच!

कराडला माझ्या ताईकडे मात्र या वेळी उलटं घडलं. ताईकडे माणसं पाच. ताई, दाजी, आजी म्हणजे दाजींच्या आई, नववीतली भाची आणि पाचवीतला भाचा. त्यांची जुनी लहान गाडी आता दमली होती. दाजींच्या एका स्नेह्यांना त्यांची सात वर्षं वापरलेली मिड-साइझ सेडान विकायची होती. ते म्हणाले, "दोन दिवस घेऊन जा, कोकणात फिरवून आणा, मग बोलू." मे महिना होता आणि आजींचं माहेर चिपळूणजवळ. आंबे आणायचेच होते. दाजींनी भाचीच्या हातात वही दिली, भाच्याच्या हातात मेजर टेप दिली आणि जाहीर केलं, "आपण गाडीची तोंडी आणि लेखी अशा दोन्ही परीक्षा घ्यायच्या. पैसे साठवायला मला चार वर्षं लागली आहेत. घाई नको." ताईला ऑफिसातून रजा मिळेना, म्हणून तिच्या जागेवर माझी वर्णी लागली.

गाडी कुठल्या कंपनीची होती ते मी सांगणार नाही. कारण आम्हाला जे गुण-दोष दिसले, ते बरेचसे त्या आकाराचेच आहेत. कंपनी कुठलीही असो, सेडान म्हटलं की ते थोड्याफार फरकानं येणारच.

मेणा ते मोटार

आधी सेडान म्हणजे काय ते बघू. तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पालखी आणि मेणा पाहिला असेल. चारही बाजूंनी बंद असते ती पालखी म्हणजे मेणा. इंग्लंडातही सतराव्या शतकात तशीच एक चीज होती. खोक्यासारखी बंद खुर्ची, तिला दोन दांडे, एक भोई पुढे आणि एक मागे. तिला म्हणत 'सेडान चेअर'. १६३४ साली सर साँडर्स डंकोम्ब नावाच्या गृहस्थांना लंडनमध्ये अशा खुर्च्या भाड्यानं फिरवायची परवानगी मिळाली होती. म्हणजे त्या काळच्या टॅक्सीच म्हणा ना! पुढे मोटारी आल्या. सुरुवातीच्या बऱ्याचशा उघड्याच असायच्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टप आणि काचा असलेल्या बंद मोटारीला अमेरिकेत हे जुनं नाव चिकटलं.

'डिकी' हा शब्दसुद्धा घोडागाडीच्या जमान्यातला. साहेबाच्या बग्गीच्या मागे नोकराला बसायला जी जागा असे, ती 'डिकी'. आपण तिथे नोकराच्या जागी बॅगा बसवल्या, एवढाच फरक.

सेडान ओळखायची सोपी खूण म्हणजे तीन खोकी. पुढच्या खोक्यात इंजिन, मधल्या खोक्यात माणसं, मागच्या खोक्यात सामान. आमच्या पिढीला तर गाडी म्हणजे हेच चित्र माहीत होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बेसिडर, दोन्ही तीन खोक्यांच्या. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुम्ही जुन्या सिनेमात पाहिली असेल. तिथल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

मिड-साइझ म्हणजे किती, हे आकड्यांत सांगायला एक ओळखीचं उदाहरण घेतो. होंडा सिटी. भारतात ती १९९८ च्या जानेवारीत आली. पण त्याआधी १९८१ साली जपानमध्ये याच नावाची जी पहिली गाडी निघाली, ती सेडान नव्हतीच. ती होती चिमुकली, बिनशेपटीची. तिच्या मागच्या भागात मावेल अशी एक घडीची छोटी मोटारसायकलसुद्धा कंपनीनं काढली होती! असो. २०२० साली भारतात आलेली सिटीची पाचवी पिढी ४५४.९ सेंटिमीटर लांब, १७४.८ रुंद आणि १४८.९ उंच होती. इंजिन १४९८ सीसी, डिकी ५०६ लिटर आणि मोकळ्या गाडीचं पोट जमिनीपासून १६.५ सेंटिमीटर वर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पाचशे लिटर कशाचे?

निघण्यापूर्वी भाच्यानं पहिला प्रश्न टाकला, "मामा, डिकीत पाचशे लिटर म्हणजे पाणी ओतून मोजतात का?"

चांगला प्रश्न आहे. पाणी नाही ओतत. मोजायच्या एका प्रचलित पद्धतीत विटेसारखे छोटे ठोकळे वापरतात. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद, ५ जाड. गुणाकार करून पाहा, १००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर! असे जितके ठोकळे डिकीत रचता येतील तितके लिटर. पण तुमच्या घरातल्या बॅगा काही विटेएवढ्या नसतात आणि खरी मेख तिथेच आहे.

येताना चिपळूणहून आंब्याच्या लाकडी पेट्या भरायच्या होत्या. भाचीनं टेपनं पेटी मोजून हिशेब केला, एक पेटी साधारण ४० लिटरची. डिकी पाचशे लिटरची. म्हणजे बारा पेट्या मावायला हव्यात. प्रत्यक्षात बसल्या सहा! कारण डिकी आत खोल असली तरी तिचं तोंड अरुंद. शिवाय झाकण बंद करताना त्याचे वाकडे बिजागर आत उतरतात आणि पेटीवर आपटतात. सातवी पेटी तिरकी करून, उभी करून, सगळे प्रकार करून झाले. शेवटी ती शेजाऱ्यांना देऊन टाकली. आधीच्या लहान गाडीत मागची सीट पाडली की सायकलसुद्धा जायची. बऱ्याच सेडानमध्ये मागची पाठ पडतच नाही. माणसांचं खोकं वेगळं, सामानाचं वेगळं, मध्ये भिंत.

पण याच भिंतीचा फायदा ऐका. आजींच्या भावानं पेट्यांबरोबर एक पिकलेला फणस आणि पुडीभर सोडे दिले होते. कोकणातल्या मंडळींना सांगायला नको, इतरांना सांगतो. सोडे म्हणजे वाळवलेली कोलंबी आणि तिचा वास गाडीत शिरला की आठवडाभर जात नाही. फणस आणि सोडे एकत्र आले तर विचारूच नका! कराडपर्यंत आम्हाला त्याचा पत्ताही लागला नाही. डिकी उघडली तेव्हा मात्र ताई चार पावलं मागे सरकली. मागच्या सीटवर ज्याला गाडी लागते, त्याला या भिंतीची किंमत कळेल. चाकांचा आवाजही त्या भिंतीमुळे कमी येतो. आजी जाताना पाटणपासून कोयनानगरपर्यंत गाढ झोपल्या होत्या. जुन्या गाडीत असं कधी झालं नव्हतं.

घाटात ती राणी

कुंभार्ली घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची वळणं माहीत आहेत. इथे मात्र सेडाननं पैकीच्या पैकी मार्क मिळवले. याचं कारण तुम्ही घरीच करून पाहू शकता. एक काडेपेटी वहीवर आडवी ठेवा, दुसरी उभी. आता वही हळूहळू तिरकी करा. कोणती आधी पडेल? उभी! जिचं वजन उंचावर असतं ती लवकर कलंडते. विज्ञानाच्या पुस्तकात याला गुरुत्वमध्य म्हणतात. सेडान बुटकी, तिचा गुरुत्वमध्य खाली. वळणावर ती उंच गाडीपेक्षा कमी झुकते आणि मागे बसलेल्यांची डोकी एकमेकांवर आपटत नाहीत. भाच्याला दर घाटात उलटी होते. या वेळी पिशवी कोरी राहिली. (येताना पिशवी लागली, पण त्याला त्यानं खाल्लेले पाच आंबे जबाबदार होते.)

बुटकेपणाचा आणखी एक फायदा म्हणजे ॲव्हरेज. गाडी धावते तेव्हा तिला हवा कापत जावं लागतं आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. समोरून जितकी उंच-रुंद गाडी, तितका विरोध जास्त. म्हणून मोठ्या रस्त्यावर, वेगात, सारख्या ताकदीची सेडान बहुतेक वेळा उंच गाडीपेक्षा कमी पेट्रोल पिते. गावातल्या गर्दीत हा फरक फारसा राहत नाही, कारण तिथे वेगच नसतो. तेव्हा बाबा रोज फक्त ऑफिसला आणि मंडईत जाणार असतील, तर "सेडान ॲव्हरेज चांगलं देते" या बोलण्यावर फार विसंबू नका.

पोट घासलं!

आता दोष. चिपळूण सोडून आजींच्या गावाकडे वळलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर 'खर्रर्र' असा आवाज आला. गाडी खाली घासली. दाजींचा चेहरा असा झाला, की जणू त्यांचंच पोट घासलं. आम्ही खाली उतरलो, वाकून पाहिलं. नशिबानं फार काही झालं नव्हतं.

इथे माझी भाची खूश! तिला गणित सुचलं. आपणही करू. 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही संस्था आपल्या देशात रस्ते कसे बांधावेत याची मापं ठरवते. तिच्या मापाप्रमाणे गोलसर स्पीडब्रेकर गाडी जायच्या दिशेनं ३.७ मीटर पसरलेला आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर उंच असावा. सिटीसारख्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.६ मीटर. म्हणजे गाडी बरोबर मध्यावर असते तेव्हा चारही चाकं स्पीडब्रेकरच्या उतारावरच असतात, तीही वर उचललेली असतात. पोटाखालची जागा त्यामुळे १० नव्हे, जेमतेम ५ सेंटिमीटरच कमी होते. गाडीत पाच माणसं आणि सामान भरल्यावर ती समजा ४ सेंटिमीटर दबली. मग १६.५ वजा ४ वजा ५ म्हणजे साडेसात सेंटिमीटर शिल्लक. मजेत जाईल!

पण आपल्या गल्लीत जे स्पीडब्रेकर असतात, ते कुणी मापानं बांधलेले असतात का? रातोरात डांबराचा नाहीतर सिमेंटचा एक अरुंद उंचवटा उभा राहतो. तो दोन्ही चाकांच्या मध्ये सापडला, की चाकं खाली आणि उंचवटा पोटाखाली. तो १० सेंटिमीटरचा असला तरी उरतात अडीच. १३ सेंटिमीटरचा असला, की खर्रर्र! वेगात गेलात तर गाडी उसळून आणखी खाली बसते, मग तर बघायलाच नको. म्हणूनच अनुभवी ड्रायव्हर अशा ठिकाणी गाडी अगदी हळू आणि तिरकी घेतात. चाकं एकेक करून चढतात आणि पोट वाचतं. कंपासपेटी, तिच्याखाली चाकं म्हणून दोन्ही टोकांना दोन खोडरबर आणि मध्ये एक पेन्सिल ठेवून हा सगळा प्रकार तुम्हाला टेबलावर दिसेल. खोडरबर जवळजवळ आणले की काय होतं तेही बघा.

उंच एसयूव्ही गाड्यांचं पोट बहुधा १९-२० सेंटिमीटरवर असतं. ऐकायला अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचाच फरक, पण गावाकडच्या रस्त्यावर तोच फरक रडवतो. आणि पावसाळा विसरू नका. साचलेलं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसलं, तर बुटकी गाडी त्यात घालूच नये. इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी शिरलं की खर्च किती येतो, ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो हसत सांगेल.

आजींचे गुडघे आणि मधली सीट

आजींनी एका वाक्यात निकाल दिला. "बसायला झकास, उठायला नको गं बाई!" सेडानची सीट खाली असते. बसताना माणूस धपकन बसतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. उंच गाडीत पुन्हा चढायची पंचाईत. मग करायचं काय? भाच्यानं टेप काढली. आजींची घरातली आवडती खुर्ची जमिनीपासून ४६ सेंटिमीटर भरली. गाडीची सीट त्याहून बरीच खाली. तुमच्याकडे आजी-आजोबा असतील तर गाडी बघायला जाताना हे माप खिशात घेऊन जा. आम्ही एक युक्ती शोधली. आजींनी आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. सीटवर टणक उशी ठेवली, त्यानंही फरक पडला. पण त्या चार वेळा चढल्या-उतरल्या आणि चारही वेळा कुणीतरी हात द्यावा लागला, ही गोष्ट भाचीनं वहीत लिहून ठेवली.

आणि आता मधल्याची कैफियत! तीन जणांत जो धाकटा, तो मध्ये. हा सगळीकडचा न्याय. जाताना भाचा बसला, येताना हट्टानं मी बसून पाहिलं. पायांमध्ये जमिनीचा उंचवटा, पाठीला मऊपणा नाही, कोपर ठेवायला जागा नाही. जुन्या पद्मिनीत, ॲम्बेसिडरमध्ये त्या उंचवट्याखालून मागची चाकं फिरवणारा लांब दांडा जायचा. हल्लीच्या बहुतेक सेडानमध्ये इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, तरी खालून सायलेन्सरचा पाइप जातो आणि सांगाड्याला मजबुती लागते, म्हणून उंचवटा उरलाच आहे. थोडक्यात, सेडान ही चार जणांची आरामाची आणि पाचव्याच्या तडजोडीची गाडी आहे. हे माझं मत. विकणारे तुम्हाला पाच सांगतील.

पण खरी अडचण मला तिथे बसल्यावरच दिसली. दोन्ही खिडक्यांपाशी पट्टे खांद्यावरून येणारे होते आणि मध्ये फक्त कमरेचा. टक्कर झाली तर असा पट्टा कंबर धरून ठेवतो, पण छाती आणि डोकं जोरानं पुढे जातं, आणि पट्टा पोटात रुततो. लहान मुलाला तर जास्तच. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय गाडीत बसवलं, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला. दंडाचं सोडा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागच्या सीटवरचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. मागे बसलं की सुरक्षित, हा आपला समज किती चुकीचा आहे ते पाहा.

युरोपातल्या बऱ्याच देशांत मूल १३५ किंवा काही ठिकाणी १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला खाली उंच बैठक देऊन खांद्याचा पट्टा लावणं सक्तीचं आहे, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. भाचा भरला १३२ सेंटिमीटर. म्हणजे त्याला खिडकीचीच जागा हवी. हे ऐकून त्यानं टाळ्या वाजवल्या!

शेपूट कापलेल्या गाड्या

राहिली किंमत. भाचीनं विचारलं, "रस्त्यावर इतक्या सेडानचं शेपूट कापल्यासारखं का दिसतं?" त्याचं उत्तर कात्रीत नाही, करात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचा कर कमी झाला. मग २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची आखूड आवृत्ती काढली. मारुतीची डिझायर आधी ४१६ सेंटिमीटर होती, २०१२ मध्ये ती ३९९.५ झाली. अर्धा सेंटिमीटर राखून! त्यात डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांतही लहान गाडीला १८ टक्के जीएसटी आणि चार मीटरपेक्षा लांब गाडीला ४० टक्के. आठ लाख मूळ किमतीवर करा हिशेब, एकीकडे १ लाख ४४ हजार, दुसरीकडे ३ लाख २० हजार. म्हणून नवी मिड-साइझ सेडान महाग वाटते. आमच्या गॅरेजवाल्याचं मत असं, की लोक उंच गाड्यांच्या मागे लागल्यामुळे जुनी सेडान घासाघीस करून बऱ्या भावात मिळते. पण त्याच्याकडे एक विकायला होती, तेव्हा त्याचं मत जरा बेतानंच घ्यावं.

कराडला पोचल्यावर रात्री वही उघडली. घाट, आवाज, ॲव्हरेज, सामानाचा वास यांत भरपूर मार्क. रस्ता आणि गुडघे यांत काठावर पास. मधल्या पट्ट्यापाशी दाजी थांबले. "आजी पुढे बसतील, मुलं दोन्ही खिडक्यांना," ते म्हणाले, "मग मध्ये कोण?"

"मी," ताई म्हणाली.

कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गाडी धुऊन, टाकी भरून स्नेह्यांना परत केली आणि खरं कारणही सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट आपल्या गाडीत मध्ये कसला पट्टा आहे, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

येत्या रविवारी साताऱ्याला एक गाडी बघायला जायचं ठरलंय. मागे तिन्ही पट्टे खांद्याचे आहेत, असं फोनवर तरी सांगितलंय. भाच्यानं मेजर टेप आत्तापासूनच दप्तरात घालून ठेवली आहे.